दोनशे एकोणसत्तर चौरस फूट

पंचवीस चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ एवढं ठरलेलं आहे, आणि स्वयंपाकाची जागा त्यातच धरलेली आहे. सपाट भागातल्या लाभार्थ्याला त्यासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० रुपये होते. शौचालयाचे १२ हजार वेगळे. सपाट भागातली बेरीज १ लाख ६० हजार ८० रुपये. भागाकार केला तर चौरस फुटाला ५९५ रुपये पडतात.

आता लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि ठेकेदाराला विचारा, ‘मटेरियलसकट काय फूट घेता?’ पंधराशेच्या खाली आकडा सहसा ऐकू येत नाही. पंधराशेच धरले तरी २६९ फुटांचे चार लाख साडेतीन हजार झाले. सरकारचे पैसे आणि ठेकेदाराचा दर यांच्यात दोन लाख चाळीस हजारांवर रकमेची दरी आहे. ही दरी गावोगाव गळ्यातलं डोरलं, पुढच्या हंगामातलं सोयाबीन, मेहुण्याचे हातउसने आणि बचत गटाचं कर्ज यांनी बुजवली जाते. किंवा बुजवली जात नाही, आणि मग लिंटेलपर्यंत आलेल्या भिंती दोन-दोन पावसाळे उघड्यावर भिजत राहतात.

ही दरी कमी करता येते. पूर्ण बुजत नाही, पण निम्म्यावर आणता येते, आणि तशी आणणारी माणसं आहेत. त्यांच्या घरांकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. स्वस्त सिमेंट, स्वस्त सळई, स्वस्त गवंडी शोधून त्यांचे पैसे वाचलेले नाहीत. काय बांधायचंच नाही, हे त्यांनी पाया खणायच्या आधी ठरवलं होतं.

औसा तालुक्यातल्या एका गावात असं घर चाललं होतं. घरकुल बाईंच्या नावावर आहे. नवरा पुण्यात रखवालदारी करतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो, तेव्हा बांधकामाचा कारभार बाईंच्याच हाती. मंजुरीबरोबर पंधरा हजारांचा पहिला हप्ता आला. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यावर. ग्रामपंचायतीकडून येऊन कुणीतरी मोबाईलवर फोटो चढवतो, मग पैसे सुटतात. फोटो आणि पैसे यांच्यात जो काळ जातो तो सिमेंटच्या दुकानदाराच्या उधारीवर काढायचा, आणि उधारीवर पोत्यामागे वीस-तीस रुपये जास्त द्यायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्याचं कौतुक मी त्यांना सांगू लागलो. ‘रोखीनं घेणाराला,’ त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

बाईंचं जुनं घर दोन खणांचं, अर्धं ढासळलेलं माळवद होतं. ते पाडायला जेसीबी लावून मलबा ओढ्यात टाकायचा, अशी गावातली रीत आहे. बाईंनी ते हातानं पाडून घेतलं. दगड वेगळा रचला, सागवानी तुळया वेगळ्या, दाराची चौकट वेगळी. नव्या घराचा पाया आणि जोतं पूर्ण त्या दगडात उचललं आहे. डबराचा एक ट्रॅक्टर विकत आणावा लागला नाही. चौकट घासून, तेल लावून पुन्हा बसवली. नव्या लोखंडी चौकटीपेक्षा ती कितीतरी दणकट आहे, पण शेजारणी म्हणाल्या, ‘नव्या घराला जुनं दार?’

भूकंपाच्या पट्ट्यात दगडाविषयी बोलताना जपून बोलावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं घरात झोपली होती. हजारोंनी माणसं गेली ती भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवदाची माती. गळती थांबावी म्हणून दरसाल पांढऱ्या मातीचा नवा थर चढत गेलेला. हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन थर दोन बाजूंना फुगले आणि छत खाली आलं. पुष्कळ घरांत लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्याभोवतीच्या भिंतींचा ढीग झाला होता.

त्यानंतर या भागाने दगडावर जो राग धरला तो अजून गेलेला नाही. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. घरांचे आकारही जमिनीवरून ठरले: भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ४००, त्याहून मोठ्याला ७५०. (आजचं घरकुल त्या भूमिहीनाच्या घराहून एकोणीस फुटांनी मोठं आहे. तीस वर्षांची प्रगती म्हणायची तर एवढी.) पण त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अडीच हजारांच्या आसपास गावांत लोकांनी आपली पडझड झालेली घरं स्वतः दुरुस्त केली, सरकारी मदत टप्प्याटप्प्याने घेऊन, अभियंत्याच्या देखरेखीखाली. या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं होतं. कुठे आरपार दगड बसवायचा, पट्टा म्हणजे काय, मदतीचा कुठला हप्ता कशासाठी, हे त्या घरोघर समजावून सांगत.

पट्टा म्हणजे भूकंपपट्टा. जोत्यावर एक आणि दारं-खिडक्यांच्या वर लिंटेलच्या पातळीला एक, असा काँक्रीटचा अखंड कंबरपट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवायचा. जाडी तीन इंच, आत दोन सळया, ठरावीक अंतरावर आडव्या कड्या. हादरा बसला की चारही भिंती सुट्या न होता एका पेटीसारख्या हलतात. बाईंच्या घराच्या बाहेरच्या भिंती आणि मधली भिंत मिळून ऐंशी फुटांच्या आसपास लांबी होते. एका पट्ट्याला पंधरा घनफूट काँक्रीट, तीस-पस्तीस किलो सळई, साडेतीन पोती सिमेंट. खडी-वाळू-मजुरी धरून पाच-सहा हजारांत बसतो.

मी गेलो त्या दिवशी वाद याच पट्ट्यावर चालला होता. मिस्त्रींचं म्हणणं होतं की लिंटेल फक्त दारा-खिडक्यांपुरतं टाकू, सगळीकडे फिरवायची गरज नाही.

‘काकू, एवढंसं घर हाय. कशाला पैसा घालवताव?’

‘मिस्त्री, आमचं माळवद पडलं तवा मी सात वर्षांची होते. पट्टा फिरवा.’

‘फिरवतो की. पैसे लागतील म्हणून सांगायलो.’

‘बाहेरचा गिलावा करू नका. त्यातून काढा.’

बाईंनी वाक्य सहज टाकलं, पण घर बांधण्याच्या अर्थशास्त्रावर इतका नेमका निर्णय मी क्वचितच ऐकला आहे. बाहेरच्या गिलाव्याला वीस हजारांच्या आसपास लागतात. तो पुढच्या वर्षी करता येतो, पाच वर्षांनी करता येतो, नाही केला तरी चालतं. सांधे नीट भरून दरजा काढल्या म्हणजे झालं. पट्टा नंतर एवढ्या सहज घालता येत नाही. तंग बजेटातल्या घराला एवढी एकच कसोटी लावत जावी: जे नंतर करता येणार नाही त्यावर आज खर्च करायचा, आणि जे नंतर करता येईल ते खुशाल पुढे ढकलायचं. प्रत्यक्षात उलटं होतं. पाया उथळ राहतो, पट्टा गळतो, आणि दर्शनी भिंतीला टाइल्स लागतात.

नंतर न करता येणारं दुसरं काम म्हणजे पाया. काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि वरचं बांधकाम तिच्याबरोबर खाली-वर होतं. मुरूम लागेपर्यंत खणायचं, हा जुना नियम. मुरूम तीन-चार फुटांवर असेल तर दगडी पायासारखं स्वस्त काही नाही. सात-आठ फूट खाली असेल तर मात्र सगळा चर दगडाने भरत बसण्यापेक्षा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेला, खालच्या टोकाला फुगीर असलेला छोटा पाइल आणि त्यावर जोत्याचा बीम हा मार्ग परवडतो. त्याला माहीतगार माणूस लागतो. इंजिनिअरला दोन-तीन हजार देऊन एकदा खड्डा दाखवावा. गृहप्रवेशाच्या मांडवावर त्याहून जास्त जातात.

आता कॉलमकडे येऊ, कारण महाराष्ट्राच्या खेड्यांत आजघडीला सर्वांत जास्त पैसा कुठे गाडला जात असेल तर तो इथे. एक मजली, दोन खोल्यांच्या घराला नऊ इंची भिंतींवर स्लॅब आरामात पेलतो. तरीही गवंडी पहिला प्रश्न विचारतो, ‘कॉलम किती टाकायचे?’ सहा कॉलम, त्यांचे खड्डे, जाळ्या, जोत्याचा बीम, वरचे बीम. माझा ढोबळ हिशेब असा की २६९ फुटांच्या घराला या सगळ्याने साठ-सत्तर हजारांची भर पडते. म्हणजे १ लाख २० हजारांच्या अनुदानाची निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम. कशासाठी? ‘उद्या पोरं वर मजला चढवतील.’ गावात कुठल्याही उंचवट्यावर उभं राहून पाहा: गच्च्यांवर कॉलमच्या सळया वर आलेल्या, गंजलेल्या, कुणी त्यांना उलट्या बाटल्या घातलेल्या. पोरं पुण्याला, पिंपरीला, चाकणला. मजला चढत नाही. आणि दहा-पंधरा वर्षं उघड्यावर गंजलेल्या सळईला पुढे जोड देणं तसंही शहाणपणाचं नाही.

मला सर्वांत वाईट वाटतं ते अर्धवट कॉलमच्या घरांचं. चार कोपऱ्यांना चार कॉलम, मधल्या भिंती चार इंची, पट्टा नाही, बीमची सांगड नाही, ड्रॉइंग नाही. धड भिंतीवरचं घर नाही, धड चौकटीचं नाही. पैसा दोन्हींचा. हे घर भूकंपात चांगल्या पट्टेवाल्या भिंतीच्या घराहून कमकुवत ठरण्याची शक्यता जास्त, आणि मालक मात्र छाती ठोकून सांगतो, ‘आरसीसी आहे.’

विटांच्या बाबतीत केरळकडे पाहावं लागतं. लॉरी बेकर हे मूळचे बर्मिंगहॅमचे, जन्म १९१७चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत मुंबईत अडकले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून उभं राहावं, हा गांधीजींचा विचार बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आधी पिथौरागडच्या डोंगरात, मग तिरुवनंतपुरमला त्यांनी कामं केली. २००७मध्ये तिथेच वारले. त्यांनी सर्रास वापरलेल्या एका बांधणीला ‘रॅट ट्रॅप’ म्हणतात. यात वीट आडवी न निजवता कडेवर उभी ठेवतात. बाहेरच्या बाजूला एक, आतल्या बाजूला एक, मध्ये तीन इंचांची पोकळी, आणि दोघींना जोडणारी एक आडवी वीट. भिंत नऊ इंचांचीच, पण विटा पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमी, माल त्याहूनही कमी. बाईंच्या घराला पाच हजारांच्या पुढे विटा लागतात. त्यातल्या हजार-सव्वा हजार वाचतात. आठ रुपयांच्या विटेने आठ-दहा हजार. शिवाय पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो, आणि मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये याची किंमत पैशात करता येत नाही.

मग बाईंच्या घराला ती का नाही? मिस्त्रींनी यावर बोलून उत्तर दिलं नाही. ढिगातून पाच-सहा विटा काढल्या आणि जोत्यावर ओळीत उभ्या केल्या. एक पावणेनऊ इंच, दुसरी सव्वाआठ, तिसरी पोटात वाकलेली, चौथीची कड उडालेली. दोन एकमेकींवर आपटल्या. एकीचा आवाज खणखणीत, दुसरीचा बद्द. ‘ही कडेवर उभी करून दाखवा,’ ते म्हणाले. ओढ्याकाठच्या छोट्या भट्टीची वीट कडेवर उभी केली की प्रत्येक थराला वर-खाली होते, आणि वाचलेला माल ती उंची जुळवण्यात जातो. रॅट ट्रॅपला सारख्या मापाची वीट हवी. परळी, चंद्रपूर, कोराडी अशा औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास राखेच्या विटा होतात. त्या मापात असतात, त्यांत हे जमतं. पण त्या औशापर्यंत आणायच्या तर भाडं वाचवलेल्या पैशाला गिळतं. पाच मैलांचा विचार दोन्ही बाजूंनी कापतो तो असा. मिस्त्रींनी नऊ इंची साधी बांधणी धरली, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कोकणात हा सगळा प्रश्नच वेगळा. तिथे जांभ्याचा चिरा खाणीतून सरळ मापात कापून येतो, गिलाव्याची गरज नाही, वर्षागणिक तो कडकच होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याचं उघडं घर पाहून कुणी ‘अर्धवट राहिलं वाटतं’ असं म्हणत नाही. पुण्याच्या बावधन-पाषाणकडे उघड्या विटांच्या बंगल्याला आर्किटेक्ट लाखांनी फी घेतो. औशात त्याच उघड्या विटेला लोक गरिबी समजतात. बाईंना बाहेरचा गिलावा सोडायला जे धैर्य लागलं ते पैशांपुरतं नव्हतं.

छताकडे वळू. लहान घरात स्लॅब हा सर्वांत मोठा एकरकमी खर्च. भिंतींची जाडी आणि छज्जे धरून सव्वातीनशे फुटांच्या आसपास स्लॅब होतो आणि सेंट्रिंगसकट साठ-सत्तर हजार खातो. बेकर आणि त्यांच्या प्रेरणेने १९८५मध्ये त्रिशूरला निघालेली कॉस्टफोर्ड ही संस्था यांनी ‘फिलर स्लॅब’ रुळवला. स्लॅबच्या खालच्या भागात ताण असतो आणि तो सळई घेते. तिथलं काँक्रीट सळईला धरून ठेवण्यापलीकडे फारसं काम करत नाही. मग सळयांच्या जाळीच्या चौकोनात दोन-दोन मंगलोरी कौलं ठेवून तेवढं काँक्रीट वाचवायचं. विचार चोख आहे. पण स्पष्ट सांगायचं तर २६९ फुटांच्या घरात त्याने वाचणारी रक्कम पाच-सात हजारांपलीकडे जात नाही, आणि ज्याने हे काम कधी केलेलं नाही अशा सेंट्रिंगवाल्याकडून करून घेतलं तर जाळीची सळई सरकण्याचा धोका आहे. हजार-बाराशे फुटांचं घर असेल, करणारा माहीतगार असेल, तर जरूर करावं.

पत्र्याचं छप्पर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यासकट स्लॅबच्या निम्म्याहून थोड्या जास्त खर्चात होतं. त्याचा दोष सगळ्यांना माहीत आहे: दुपारी घरात बसवत नाही, आणि वळवाच्या पावसात बोलणं ऐकू येत नाही. बाईंनी मधला मार्ग काढला. मोठ्या खोलीवर स्लॅब, स्वयंपाकाच्या खोलीवर तूर्तास पत्रा. चूल आहे तिथे पत्रा दोन भिंतींवर थोडा उचलून बसवला की धूर आपोआप जातो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. मोठ्या खोलीच्या स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुन्याचे दोन हात द्यायचे. चुन्याची पिशवी स्वस्तात येते, आणि त्याने आतला उकाडा कमी होतो हे गच्चीवर अनवाणी चालून कुणालाही कळेल.

घराच्या आकाराबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून दोन ओळी. सोळा बाय सोळाचं घर २५६ फुटांचं. बाहेरची भिंत चौसष्ट फूट. आठ बाय बत्तीसचं घरही २५६ फुटांचंच. भिंत ऐंशी फूट. जागा तेवढीच, पण पाया, जोतं, पट्टा, विटा, गिलावा सगळं पंचवीस टक्के जास्त. गावठाणातला वाटणीचा तुकडा लांबट असतो, तिथे इलाज नाही. पण मोकळी जागा असतानाही लोक आगगाडीच्या डब्यासारखं घर बांधतात. न्हाणी आणि मोरी एकाच भिंतीच्या दोन अंगांना घेतली की नळ आणि सांडपाण्याचा पाइप एकदाच टाकावा लागतो.

थोडं बांधून बाकीचं माणसांवर सोडावं, हा विचार मोठ्या वास्तुकारांनीही केलेला आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी जी वसाहत केली, ती आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ओळखली जाते. तिथे प्रत्येक घराच्या भिंती स्वतःच्या, शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, म्हणजे पुढे ज्याला जसं जमेल तसं वाढवता यावं. लोकांनी इतकं वाढवलं की मूळ उतरत्या छपराची घरं आता शोधावी लागतात. कोरियांच्या चाहत्यांना याचं दुःख होतं, मला होत नाही. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबांना जोतं, न्हाणी-संडास आणि एखादी खोली एवढंच दिलं. उरलेलं घर त्यांनी आपापल्या कमाईच्या वेगाने बांधलं. या कामाला १९९५मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. आपल्या घरकुल योजनेत मात्र घर एकदाच, सांगितलेल्या मुदतीत, पुरं दिसायला हवं. फोटोत छत आलं पाहिजे. कमाई हंगामी आणि घर एकदम, हा मेळ बसत नाही, म्हणून कर्ज होतं.

हंगामाचं म्हणाल तर बांधकामाची खरी वेळ दिवाळीनंतरची. विहिरीला पाणी असतं, सोयाबीनचे पैसे हाती असतात, ऊन कोवळं असतं. प्रत्यक्षात गावांतली निम्मी बांधकामं मार्च ते मेमध्ये होतात, कारण तेव्हा माणसं मोकळी असतात, हप्तेही आर्थिक वर्षाच्या टोकाला धावत येतात. आणि तेव्हाच पाण्याचा टँकर लागतो. सिमेंटचं काम पाणी पिऊन कडक होतं. स्लॅबवर मातीची आळी करून निदान दहा-पंधरा दिवस पाणी साठवून ठेवावं लागतं, भिंतींना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. मे महिन्यात प्यायला पाणी नाही, तिथे भिंतीला कोण पाजणार? तीन दिवसांत स्लॅब कोरडा पडतो, केसांएवढ्या चिरा जातात, आणि दुसऱ्या पावसात गळू लागला की दोष सिमेंट कंपनीला.

गंमत अशी की जिथे पाणी हवं तिथे ते मिळत नाही आणि जिथे नको तिथे बादल्यांनी ओतलं जातं. काँक्रीट कालवताना एका पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरतं. पातळ माल घमेल्यातून झटकन ओततो, थापीखाली आपोआप पसरतो, म्हणून बिगाऱ्याला तो आवडतो. ताकद मात्र तेवढीच घटते. बाईंनी यावर एक उपाय काढला होता. कालवणीच्या दिवशी पाण्याच्या पिंपावर त्या स्वतः बसायच्या आणि मापाची बादली आपल्या हाताने द्यायच्या. त्या दिवसांची शेतमजुरी बुडाली. ‘रोज बुडाला तरी चालंल, स्लॅब नको बुडायला,’ हे त्यांचं गणित.

सरकारच्या यादीत आणखी काही सवलती आहेत. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत, वाहतूक आपली. जागा नसेल तर जागा खरेदीला मदत. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी अशा वेगळ्या आवास योजना. यातलं काय पदरात पडेल ते तलाठी, ग्रामसेवक आणि हेलपाटे यांवर अवलंबून. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आपल्या नावाचा आहे का, एवढं मात्र अर्ज करण्याआधी पाहून ठेवावं, कारण पुष्कळांची गाडी तिथेच अडते. आणि वाळू मोफत मिळो की विकत, एका काचेच्या बरणीत ती निम्मी भरावी, वर पाणी ओतून हलवावं आणि तासभर ठेवावं. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवावी. कोरड्या विटेचं वजन करून ती रात्रभर पाण्यात बुडवावी आणि सकाळी पुन्हा वजन करावं. कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी प्यायली असेल तर भट्टी बदलावी. या परीक्षांना पैसा लागत नाही.

मजुरीचा व्यवहार कसा करावा, यावर मिस्त्री आणि मी बराच वेळ बोललो. उक्तं काम दिलं की गवंड्याला घाई होते, आणि रोजावर दिलं की त्याला सवड होते. त्यांच्या मते पाया, पट्टे आणि स्लॅब रोजावर घ्यावेत, भिंती आणि आतला गिलावा उक्ता द्यावा. स्वतः उक्त्यात जास्त कमावणारा माणूस हे सांगत होता, म्हणून मला ते पटलं. घरकुल योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी पंचेचाळीस दिवसांचं प्रशिक्षण आहे. असा शिकलेला गवंडी मिळाला तर दिवसाला पन्नास-शंभर जास्त देऊनही तो स्वस्त पडतो. मिस्त्रींनी ते घेतलेलं नव्हतं. पट्टा टाळण्याचा सल्ला कुठून आला, ते यावरून समजावं.

बाईंचं घर अडीच लाखांच्या आत बसेल असा त्यांचा अंदाज आहे. कर्ज सत्तर हजारांचं, गटाकडून. ठेकेदाराला दिलं असतं तर ते दोन लाख चाळीस हजारांचं झालं असतं.

मी निघालो तेव्हा मिस्त्री पूर्वेच्या भिंतीचा कोपरा उचलत होते. तिथे एकाआड एक थरातली वीट दोन-अडीच इंच बाहेर ठेवली जात होती. दोन वर्षांनी तिकडे थोरल्यासाठी खोली काढायची तर नवी भिंत या दातांत अडकून बसेल. दाते सोडायचे वेगळे पैसे लागतात का, यावर दोघांचं पुन्हा जुंपलं होतं. मिस्त्री तीनशे मागत होते. बाई म्हणत होत्या की बाहेर काढलेली वीट माझीच आहे, तुम्ही फक्त ती पुढे सरकवताय. दीडशे घ्या आणि पुढची खोलीही तुम्हीच बांधा.